टोफू पनीरची नक्कल नव्हे

दिवाळीच्या आगेमागे लातूरच्या आडतीवर सोयाबीनचे ढीग लागतात. वाशीम, अकोला, नांदेडकडच्या कितीतरी घरांचा वर्षाचा हिशेब याच पिकावर बसलेला असतो. दाण्यात प्रथिनं साधारण 40 टक्के, तेल 18 ते 20 टक्के. तेल आपल्या कढईत येतं. प्रथिनांनी भरलेली पेंड मात्र मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्याला जाते, नाहीतर परदेशी. आपल्या शेतातलं इतकं सकस धान्य आपल्याच ताटात इतकं कमी दिसावं, याचं मला फार वाईट वाटतं. त्याचं दूध नासवून केलेल्या टोफूबद्दलचे गैरसमज तरी दूर व्हायला हवेत.

‘टोफू म्हणजे बिनदुधाचं पनीर.’ सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने केलंय. नासवून, दाबून वडी पाडायची रीत सारखी आहे, एवढंच. चीनमध्ये निदान हजार वर्षं टोफू खाल्ला जातोय, तो टोफू म्हणूनच. पनीरमध्ये दुधाचा स्निग्धांश असतो, टोफूत पाणी भरपूर. म्हणून पालक पनीरमधलं पनीर काढून तिथे टोफू टाकला की तो पांचट लागतो, आणि लोक कायमची पाठ फिरवतात. त्याची भुर्जी करून बघा. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, हळद परतून त्यात हाताने कुस्करलेला टोफू घालायचा, वर कोथिंबीर. भाकरीबरोबर उत्तम लागतो.

‘त्याला चव नसते आणि तव्याला चिकटतो.’ चव आपण द्यायची असते, आणि त्याआधी पाणी काढायचं असतं. तुकडे मिठाच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा. लोखंडी तव्यावर तेल तापलं की तुकडे मांडा आणि हलवू नका. चिकटतो तो घाईमुळे. खालची बाजू खरपूस झाली की तुकडा आपोआप सुटतो. मोठ्या आचेवर फरसबी, गाजर, सिमला मिरची वेगळी परता, शेवटी टोफू आणि जरा चिंच-गूळ. रस्सा करायचा असेल तर टोफू आधी गोठवा. बर्फाच्या कणांनी त्यात छिद्रं पडतात. वितळल्यावर पिळून रश्श्यात सोडला की मसाला आतपर्यंत मुरतो.

‘सोयाबीनचा उग्र वास जातच नाही.’ वास दाण्यात आयता नसतो. भिजलेला कच्चा दाणा दळला की लायपॉक्सिजनेज हे विकर त्यातल्या तेलावर काम करू लागतं आणि वास तयार होतो. दळण्याआधीच उष्णतेने ते विकर निकामी करायचं. घरी टोफू करताना एक वाटी सोयाबीन रात्रभर भिजवा, साली चोळून काढा, दाणे पाच मिनिटं उकळत्या पाण्यात टाका आणि मग सहा-सात वाट्या पाण्यात बारीक वाटा. हे दूध जाड बुडाच्या, मोठ्या पातेल्यात ढवळत उकळा. फेस पटकन वर येतो, ती खरी उकळी नव्हे. आच कमी करून पुढे दहा मिनिटं शिजवायलाच हवं, कारण कच्च्या सोयात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. गाळून घ्या. गरम दुधात दोन चमचे लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला आणि जेमतेम ढवळा. पिवळसर पाणी सुटलं की फडक्यात बांधून अर्धा तास वजनाखाली ठेवा. चोथा शिजलेलाच असतो; तो थालीपिठाच्या पिठात मळा.

‘पुरुषांनी खाऊ नये, थायरॉईड बिघडतो.’ सोयातले आयसोफ्लेव्होन हे वनस्पतिजन्य घटक इस्ट्रोजेनशी थोडे मिळतेजुळते आहेत, भीती तिथून आली. पण पुरुषांवर झालेल्या अभ्यासांच्या एकत्रित पाहण्यांत टेस्टोस्टेरॉन कमी झालेलं दिसलं नाही. निरोगी माणसाच्या थायरॉईडलाही नेहमीच्या जेवणातल्या सोयाने बाधा होत नाही. थायरॉईडची गोळी चालू असेल तर मात्र गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर हवं, कारण सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही. किती अंतर, ते डॉक्टरांना विचारा. सोयाची ॲलर्जी असलेल्यांनी हा पदार्थ टाळावाच.

‘टोफू खाल्ला की सगळं मिळालं.’ अत्यावश्यक अमिनो आम्लं सगळी मिळतात, हे खरं. कॅल्शियम मात्र कशाने नासवलं त्यावर ठरतं: कॅल्शियम सल्फेटने केलेल्या टोफूत ते भरपूर, लिंबाने केलेल्यात बरंच कमी. आणि जीवनसत्त्व बी12 नाहीच. दूध-दहीसुद्धा सोडलेल्यांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळं घ्यायला हवं.