टेबलावरचा मायक्रोमीटर

भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी एकतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची चौदा वर्षं आयटीआयच्या फिटर ट्रेडच्या मुलांच्या मुलाखतींना एचआरच्या मॅडमशेजारी मलाही बसवायचे. टेबलावर मी तीन वस्तू मांडून ठेवायचो : 0 ते 25 मिलिमीटरचा मायक्रोमीटर, स्टीलची एक पिन आणि एक स्वच्छ फडकं. फडक्याबद्दल मी काही बोलत नसे.

मुलगा आत यायचा. फाईल छातीशी धरलेली. मॅडमनी ‘स्वतःबद्दल सांग’ म्हटलं की ‘मायसेल्फ’पासून सुरू होणारा पाठ केलेला इंग्रजी उतारा बाहेर पडायचा, तिसऱ्या वाक्याला अडखळायचा आणि मान खाली जायची. मला फार वाईट वाटायचं. या पोराने दोन वर्षं व्हाइसपाशी उभं राहून कानशी चालवलेल्या असायच्या, तळहातावर घट्टे असायचे आणि त्यातलं एक अक्षर त्या उताऱ्यात नसायचं.

म्हणून मुलांना माझं पहिलं सांगणं : इंग्रजी येत नसेल तर ‘सर, मराठीत सांगितलं तर चालेल का?’ असं सरळ विचारा. टॅप, रीमर, बुश, क्लिअरन्स हे शब्द तसेही आपण मराठीत हेच वापरतो. शॉप फ्लोअरवरच्या कामासाठी माणूस निवडताना बहुतेक ठिकाणी चालतं. नाही म्हणाले, तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगा, पण स्वतः केलेलं काम सांगा.

मग मी पिन पुढे सरकवायचो. ‘मोज.’ बहुतेक मुलं मायक्रोमीटर उचलून थेट पिनवर आवळायची. एखादा मात्र आधी फडकं घ्यायचा, मायक्रोमीटरची दोन्ही टोकं पुसायचा, रॅचेट फिरवून ती एकमेकांना टेकवायचा, शून्य जुळतंय का बघायचा आणि मग पिनला हात लावायचा. आकडा सांगण्याआधीच त्याची निम्मी मुलाखत झालेली असायची. हे आदल्या रात्री वाचून येत नाही. हाताला लागलेली सवय असते ती.

आकडा चुकणं हा मात्र गुन्हा नाही. माझ्या स्वतःच्या मुलाखतीत मी 12.87 ला 12.37 म्हणालो होतो. मायक्रोमीटरच्या थिंबलवर 50 भाग असतात, एका फेऱ्यात तो अर्धा मिलिमीटर सरकतो, म्हणून एक भाग 0.01 चा. पण स्लीव्हवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ नजरेतून सुटली की सगळं गणित 0.50 ने घसरतं. समोरचे साहेब म्हणाले, ‘परत बघ.’ मी परत बघितलं आणि म्हणालो, ‘अर्ध्याची रेघ सुटली, साहेब.’ मला घेतलं. का घेतलं, ते टेबलाच्या पलीकडे बसायला लागल्यावर कळलं. आपली चूक शोधून जो तोंडाने सांगतो, त्याच्या हवाली मशीन करता येतं.

एका मुलाला मी नाकारलं, ते अजून सलतं. एकाही प्रश्नाला तो धड बोलला नाही. पुढच्या वर्षी तोच आमच्या एका व्हेंडरकडे ठेकेदाराचा कामगार म्हणून डायच्या एका बाजूला निळा रंग लावून स्पॉटिंग करताना दिसला. हात इतका हलका होता की मी बघत उभा राहिलो. त्यानंतर मी प्रश्नच बदलला. ‘तुझ्या हातून बिघडलेला एखादा जॉब सांग.’ यावर गप्प मुलंही बोलायला लागतात.

करमाळ्याकडच्या एका मुलाने यावर रसवंतीची गोष्ट सांगितली. वडिलांच्या उसाच्या चरकाचं बुश दर दोन महिन्यांनी झिजायचं. याने आयटीआयच्या लेथवर गनमेटलचं नवं बुश टर्न केलं, तेही तसंच झिजलं. मग जुनं बुश त्याने आडवं कापून बघितलं. वरच्या रोलरवर उसाचा दाब वरच्या दिशेने येतो, म्हणून बुश वरच्या अंगाला झिजलेलं होतं आणि तेलाचं भोकही नेमकं तिथेच होतं. दाबाच्या जागी तेल आत शिरायला फटच नाही. दुसऱ्या बुशाला त्याने भोक बाजूला घेतलं. हे सांगताना तो हाताची मूठ करून रोलर दाखवत होता, आणि मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं.

म्हणून आदल्या संध्याकाळी शंभर प्रश्नोत्तरांच्या मागे लागू नका. आपण केलेला एक जॉब कागदावर उतरवा : मटेरियल कोणतं, ड्रॉइंगवर माप काय, मोजलं कशाने, फसलं कुठे, दुरुस्त कसं केलं. एम10 च्या टॅपला ड्रिल साडेआठचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पिच 1.5, तो दहातून वजा केला, हे कारण माहीत असेल तर एम12 ला अडत नाही. पिच 1.75, म्हणजे सव्वादहाच्या आसपास. कारखाना काय बनवतो, तेवढं गेटवर विचारून घ्या. चाकणला जायचं असेल तर नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकसाठी एक तास वेगळा धरा, आणि मूळ कागदपत्रं झेरॉक्सच्या दुकानात विसरू नका. दरवर्षी कोणीतरी विसरतो.

करमाळ्याच्या त्या मुलाला शेवटी मॅडम म्हणाल्या, ‘तुला काही विचारायचंय?’ मुलं इथे मान हलवून ‘नो मॅडम’ म्हणतात. त्याने टेबलावरची पिन उचलली. ‘सर, ही कशाची आहे?’

चौदा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, ‘डायमधली इजेक्टर पिन. वापरून काढलेली.’

‘मग एकाच बाजूने झिजली असेल,’ तो म्हणाला. मायक्रोमीटर परत पुसला, आणि पिन थोडी थोडी फिरवत तीन ठिकाणी मोजायला लागला.