जन्मताच न रडलेले बाळ : पहिला मिनिट, पहिले सहा तास

बाळ जन्माला येते, पण रडत नाही. अंग निळे पडलेले असते, हातपाय लुळे. अशा वेळी कोणी म्हणते, "अंगावर गार पाणी शिंपडा." कोणी आईच्या पायगुणावर बोलू लागते, अमावस्या नि ग्रहण काढते. पहिल्याने बाळाचे नुकसान होते, दुसऱ्याने त्या बाळंतिणीचे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी या दोन्ही गोष्टी घडू नयेत. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

बाळ का गुदमरते?

पोटात असताना बाळाला प्राणवायू मिळतो तो वारेतून आणि नाळेतून. कळा फार लांबल्या, नाळ दाबली गेली, वार वेळेआधी सुटली किंवा आईचा रक्तदाब फार वाढला, तर हा पुरवठा तुटतो. कळा वाढाव्यात म्हणून घरी किंवा कोणा खाजगी कंपाउंडरकडून घेतलेले इंजेक्शनही बाळाला गुदमरवू शकते. प्राणवायू कमी पडला की मेंदूला मार बसतो. या आजाराला डॉक्टर केसपेपरवर 'एचआयई' असे लिहितात. यात काही बाळे दगावतात, तर काहींना पुढे झटके, हातापायांचा ताठरपणा, मतिमंदत्व किंवा बहिरेपणा येतो.

पहिला मिनिट सर्वांत मोलाचा. बाळाला कोरडे करून ऊब द्यायची, आणि तरीही ते श्वास घेत नसेल तर पिशवी व मास्कने श्वास द्यायचा. हे जाणणारी नर्स किंवा डॉक्टर जवळ असेल, तर अनेक बाळे तिथेच सावरतात. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच व्हावे.

मग डॉक्टरच बाळाला थंड का करतात?

मेंदूला मार दोन टप्प्यांत बसतो. पहिला जन्माच्या वेळी. श्वास सुरू झाल्यावर काही तास मेंदू सावरल्यासारखा दिसतो आणि मग पेशी पुन्हा मरू लागतात. मधल्या तासांत शरीर थोडे थंड ठेवले, तर मेंदूची प्राणवायूची गरज घटते आणि दुसरा मार सौम्य होऊ शकतो. म्हणून जन्मापासून सहा तासांच्या आत बाळाला खास गादीवर ठेवून अंगातील तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सियसवर आणतात. ७२ तास तसेच ठेवून मग हळूहळू ऊब देतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या सहभागातून यासाठी कमी खर्चाचा पाळणाही तयार झाला आहे.

हा उपचार पूर्ण दिवसांच्या किंवा जवळपास पूर्ण दिवसांच्या, मध्यम वा गंभीर आजार असलेल्या बाळासाठीच असतो. तापमान, श्वास, रक्तदाब आणि झटके यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. घरी गार पाणी किंवा बर्फ लावणे हा उपचार नव्हे. त्याने बाळाचा जीव जाऊ शकतो. घरी बाळाला ऊबच हवी.

आपल्या बाळांवर तपासले तेव्हा

२०१३ साली ११ अभ्यासांतील १,५०५ बाळांचा एकत्रित हिशोब प्रसिद्ध झाला. थंडावा दिलेल्या दर सात बाळांमागे एक बाळ मृत्यूपासून किंवा मोठ्या अपंगत्वापासून वाचले, असे त्यात दिसले. हे अभ्यास मुख्यतः श्रीमंत देशांतले होते.

पुढे भारत, बांगलादेश आणि श्रीलंका येथील सात मोठ्या रुग्णालयांत ४०८ बाळांवर 'हेलिक्स' नावाचा अभ्यास झाला. मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयही त्यात होते. २०२१ साली निष्कर्ष आला. थंडावा दिलेल्या बाळांत शंभरी ४२ मृत्यू, न दिलेल्यांत ३१. मृत्यू आणि अपंगत्व मिळून फायदा दिसला नाही. येथील अनेक बाळांच्या मेंदूला बाळंतपणाच्या आधीपासून, दीर्घकाळ मार बसत आलेला असावा, असे संशोधकांना वाटले. आजही हा उपचार आपल्याकडे कोणाला द्यावा यावर डॉक्टरांत एकमत नाही.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, मोठ्यांनी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. विज्ञानही तेच करते. विलायतेत गुण आला म्हणून गरिबाच्या लेकराला येईलच असे नाही, तपासावे लागते.

आपल्या हातात काय?

यंत्रापेक्षा मोठे काम बाळंतपणाच्या आधीचे आहे. बाबासाहेब आणि माता रमाई यांनी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे गमावली. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांना बाळंतपणात विश्रांती व भत्ता मिळावा म्हणून विधेयकाला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली तो कायदा झाला. ती विश्रांती आजही आपल्या घरकामगार, वीटभट्टीवरच्या भगिनींना मिळत नाही. ती मिळवून देणे हे घरातील पुरुषांचेही काम आहे.

गरोदरपणी किमान चार तपासण्या कराव्यात, रक्तदाब मोजून घ्यावा. बाळाची हालचाल कमी झाली, पाणी हिरवट गेले किंवा रक्त गेले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ किंवा १०२ वर फोन करावा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, वाहन आणि आजारी नवजात बाळाचा उपचार मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

बाळ गुदमरलेच तर डॉक्टरांना न घाबरता विचारा : आजार किती गंभीर आहे? येथे नवजात अतिदक्षता विभाग आहे का? दुसरीकडे न्यायचे तर केव्हा, आणि वाटेत ऊब व श्वास कोण सांभाळील? थंडावा देणार असाल तर फायदा काय, धोका काय? जन्मवेळ कागदावर लिहून घ्या, कारण सहा तास तिथूनच मोजतात.

घरी आल्यावरही बाळाची तपासणी चालू ठेवावी. मान धरणे, बसणे, आवाजाला वळणे यात उशीर वाटला, तर जिल्हा रुग्णालयातील डीईआयसी केंद्रात न्यावे. लवकर सुरू केलेल्या व्यायामाचा उपयोग होतो.

आपल्या महिला मंडळांनी रविवारच्या वंदनेनंतर विहारात आशाताई किंवा नर्सताईंना बोलावून ही माहिती समजून घ्यावी. आणि ज्या आईचे बाळ गेले किंवा अधू राहिले, तिच्या दारी जाऊन सांगावे, "ताई, यात तुझा दोष नाही." जयभीम!