लोकलचे वेळापत्रक आणि औषधाची वेळ

डोंबिवली पूर्वेला राहणारे ७३ वर्षांचे एक गृहस्थ गेली अनेक वर्षे माझ्याकडे येतात. हृदय थोडे दुर्बल झालेले, रक्तदाबाचा विकार जुना. परंतु पथ्यपाणी आणि औषधे यांबाबत अत्यंत काटेकोर. मागच्या पावसाळ्यात ते आले तेव्हा दोन्ही पायांवर सूज होती. बोटाने दाबले की खळगा पडत होता. रात्री एका उशीवर झोपले की दम लागत होता. औषधे तीच, जेवणात मीठही बेताचे. मग हे अचानक कशाने? मी पिशवीतली सारी औषधे टेबलावर मांडायला सांगितली. लघवी होण्याच्या गोळीची पट्टी जवळजवळ निम्मी शिल्लक होती.

"काका, ही गोळी घेत नाही का?"

"घेतो की, डॉक्टर. फक्त गाडीचे दिवस सोडून."

गाडीचे दिवस आठवड्यातून तीन होते. त्यांच्या पत्नीवर परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाचे उपचार चालू होते. घरातून निघून रुग्णालय गाठेपर्यंत दोन तास जात. लोकलला स्वच्छतागृह नाही. गर्दीच्या वेळी मधल्या स्थानकावर उतरले तर पुन्हा चढता येईल याची शाश्वती नाही. म्हणून काकांनी आपल्यापुरता उपाय शोधला होता. गाडीच्या दिवशी गोळी बंद, सकाळचा चहा अर्धा कप आणि परत येईपर्यंत पाण्याचा घोट नाही. काकूंनाही ते पाणी कमीच देत.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली १६ एप्रिल १८५३ रोजी. तेव्हापासून आपल्या भागाचे घड्याळ गाडीच्या वेळेने लावलेले आहे. कल्याण-डोंबिवलीच्या घरांत दूध, डबा, देवपूजा सगळे त्या वेळेला बांधलेले असते. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु वृद्धांच्या औषधाची वेळही लोकल ठरवू लागते, तेव्हा डॉक्टरला त्याची गंधवार्ता नसते. काकांना मी दर महिन्याला तपासत होतो. प्रवास कसा करता, हे एकदाही विचारले नव्हते. आता प्रत्येक वृद्ध रुग्णाला विचारतो. असे उत्तर देणारे काका एकटे नाहीत.

पाणी न पिण्याचा परिणाम नीट समजून घेतला पाहिजे. दीर्घकाळ उभे राहिल्यावर रक्त पायांकडे साचते. तरुण शरीर रक्तवाहिन्या आकुंचित करून ते सावरते. सत्तरीनंतर ही क्षमता मंदावते. त्यात अंगात पाणी कमी, रक्तदाबाची गोळी घेतलेली आणि डब्यात उकाडा. मग डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, शुद्ध हरपते. लोकलच्या दाटीत अशा माणसाला पडायलाही जागा नसते आणि आजूबाजूचे भले लोक त्याला धरून उभेच ठेवतात. हे घातक आहे. त्याला आडवे होऊ दिले, पाय किंचित वर उचलले, की मेंदूला रक्त मिळते. उभे धरून ठेवल्यास ते मिळत नाही. तेव्हा दाटीवाटीने का होईना, बाकावरच्या मंडळींना उठवून त्याला आडवे करावे. पूर्ण शुद्धीवर येण्याआधी तोंडात पाणी घालू नये.

काकांसाठी उपाय साधा निघाला. ती गोळी पोटात गेल्यावर तासाभरात काम सुरू करते आणि तिचा जोर साधारण सहा तास राहतो. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून आम्ही गाडीच्या दिवशी ती सकाळऐवजी दुपारी, घरी परतल्यावर घेण्याचे ठरवले. वेळ बदलली, मात्रा बदलली नाही. महिन्याभरात सूज उतरली. प्रत्येकाच्या बाबतीत असे करता येईलच असे नाही, म्हणून हा बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. गोळी परस्पर बंद मात्र कधीही करू नये. पाण्याचेही तसेच. एकदम पेलाभर पिण्यापेक्षा दोन-दोन घोट घेत राहावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी दिवसाला किती पाणी प्यायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. वाटेत ठाण्याला किंवा दादरला उतरून स्वच्छतागृहात जाऊन पुढची गाडी पकडण्याइतका वेळ हाताशी ठेवून घरून निघावे.

दुसरी गोष्ट ऐकून मला अधिक वाईट वाटले. काका-काकू इतके दिवस साध्या दुसऱ्या वर्गातून, बहुधा उभ्याने जात होते. दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवासाची मुभा आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते. असा रुग्ण घरात असेल तर रुग्णालयाची कागदपत्रे जवळ बाळगावीत आणि सोबत जाणाऱ्या माणसासाठी काय नियम आहे ते स्थानकावर आधीच विचारून घ्यावे. परतताना परळहून सुटणारी गाडी मिळाली तर बसायला जागा मिळते. २०१९ मध्ये परळ टर्मिनस सुरू झाल्यापासून ही सोय आहे. मध्य रेल्वेने २०२५ मध्ये मालडब्याचे रूपांतर करून ज्येष्ठांसाठी स्वतंत्र डबा आणला खरा, पण तो प्रत्येक गाडीला नाही. त्याच्या भरवशावर निघू नये.

उपाशीपोटी रक्त देण्यासाठी मधुमेही वृद्धांनी पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणे मला मुळीच पसंत नाही. ते रक्त घराजवळच्या प्रयोगशाळेत देऊन अहवाल सोबत न्यावा. जावेच लागले, तर मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन किती आणि कधी, हे आदल्या दिवशी विचारावे. खिशात साखर असावी.

गाडीत पाऊलही न ठेवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. माझ्या एका रुग्ण आजींचे इन्सुलिन रात्री आठला असे. मुलगा फोर्टात नोकरीला. तो दहाला घरी आल्याशिवाय आजी जेवत नसत. इन्सुलिन मात्र डॉक्टरांनी सांगितले म्हणून आठलाच टोचून घेत! रात्री नऊच्या सुमारास त्यांना दरदरून घाम येई, त्या असंबद्ध बोलत; घरचे म्हणत, वय झाले. एके रात्री शेजारीण मला बोलवायला आली. साखर ५२ होती. इन्सुलिन घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत जेवण व्हावे लागते, हे मी त्यांना पूर्वी सांगितले होते. पण मुलाच्या आधी जेवणे त्यांच्या मनाला पटत नव्हते.

त्यांच्या भीतीला आधार नाही असे मी कसे म्हणू? ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान वळणावर, एकमेकींजवळून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही जिवाला मुकले. त्या संध्याकाळी दवाखान्यात आलेल्या अनेक आयांचा रक्तदाब नेहमीपेक्षा चढा होता. अशा एका आकड्यावरून औषध वाढवायचे नसते. मी सर्वांना दोन दिवसांनी, मुले घरी असताना, पुन्हा बोलावले.

मुलांनाही एक सांगणे आहे. पोहोचल्याचा निरोप आईला कामाचा असतो. गाडीत चढल्याचा, ठाणे सोडल्याचा आणि डोंबिवलीत उतरल्याचा असे तीन निरोप पाठवू लागलात, तर एखादा चुकताच तिचा जीव टांगणीला लागतो. एकच ठरवा, आणि उशीर होणार असेल तेव्हा कळवा. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनो, चार तासांचा प्रवास करून आलेल्या माणसापुढे पहिली पंधरा मिनिटे औषधांच्या चिठ्ठ्या, वीजबिल, शेजाऱ्यांची भांडणे ठेवू नका. त्याला हातपाय धुऊ द्या. आठवड्याच्या गोळ्यांची डबी त्याने रविवारी भरून ठेवली, तर रोज रात्री पट्ट्या शोधाव्या लागत नाहीत.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम हे गर्दीमुळे किंवा पित्तामुळे झाले असेल असे समजून कल्याणपर्यंत कळ काढत जाऊ नये. पुढच्या स्थानकावर उतरावे, जवळच्या माणसाला सांगावे, १०८ ला रुग्णवाहिका मागवावी. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आहे.

त्या आजी आता सव्वाआठला जेवतात. मुलगा आला की त्याच्या पानाशेजारी वाटीभर ताक घेऊन बसतात. ते त्यांच्या आहारात मी हिशेबाने धरले आहे.