संगणक प्रयोगशाळेतील वॉलपेपर : एक उपेक्षित सूचनाफलक

संगणक सुरू होताच पडद्यावर जे चित्र दिसते त्याला वॉलपेपर म्हणतात. ‘विंडोज एक्सपी’वरील हिरवी टेकडी अनेक प्राध्यापकांना आठवत असेल; चार्ल्स ओ’रिअर यांनी ती १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात टिपली होती. चित्र सुंदरच आहे. परंतु महाविद्यालयात या जागेचा याहून चांगला उपयोग होऊ शकतो, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

सुरतेत महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीखेरीज मराठी, उर्दू, हिंदी इत्यादी माध्यमांतूनही चालतात. पुढे ही मुले महाविद्यालयात एकाच प्रयोगशाळेत शेजारी शेजारी बसतात. काही वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत माझ्या विद्यार्थिनीने उर्दू प्रकल्पाची पंधरा पाने डेस्कटॉपवर साठवली. यंत्र बंद होताच त्यावरील सर्व काही पुसले जावे, अशी तेथील व्यवस्था होती. तशी सूचना दारावर लावलेली होती, पण इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी फाइल नव्हती. बिचारीने सारे पुन्हा हाताने लिहून दिले.

तीच सूचना वॉलपेपरवर, तिन्ही लिप्यांत देता येते. वॉलपेपर हे केवळ चित्र असल्यामुळे प्रत्येक यंत्रावर उर्दू वा गुजराती फाँट असण्याची गरज नाही; नस्तालीक लिपी जशी मांडली तशीच दिसते. आयकॉन पडद्याच्या डाव्या बाजूस असतात, म्हणून मजकूर उजवीकडे ठेवावा. उर्दूची तर सुरुवातच तेथून होते!

चाळीस यंत्रांवर एकेक करून चित्र लावले तरी आठवड्यात कोणीतरी नटाचे छायाचित्र लावतोच. यंत्रे एका डोमेनमध्ये असतील तर सर्व्हरवरील ‘ग्रुप पॉलिसी’त, वापरकर्त्यांच्या विभागात, ‘डेस्कटॉप वॉलपेपर’ हा पर्याय असतो. तेथे चित्राचा पत्ता दिला की पुढच्या लॉगिनपासून ते सर्वत्र दिसते आणि विद्यार्थ्यांना बदलता येत नाही. ‘विंडोज होम’ आवृत्तीची यंत्रे मात्र डोमेनमध्ये येत नाहीत. खरेदीच्या वेळीच हे पाहावे.

अडचणी बहुधा चित्राच्या पत्त्यापाशी येतात. चित्र सर्व्हरवरील सामायिक फोल्डरमध्ये असेल तर वापरकर्त्यांना ते वाचण्याची परवानगी हवी. नाहीतर पडदा काळा राहतो. नेटवर्क वारंवार तुटत असेल तर पॉलिसीद्वारेच चित्राची प्रत प्रत्येक यंत्रावर पाठवावी आणि पत्ता तेथील द्यावा. चित्र बदलताना फाइलचे नावही बदलावे. जुन्याच नावाने नवे चित्र ठेवले तर यंत्र पुष्कळदा साठवलेले जुनेच दाखवीत राहते, आणि आपण उगाच सर्व्हरला दोष देतो.

जुने चौकोनी व नवे रुंद पडदे एकत्र असल्यास ‘फिल’ पर्यायात कडा कापल्या जातात. म्हणून अक्षरे कडेपासून बरीच आत घ्यावीत.

मजकूर तीन ओळींपुरता ठेवावा : फाइल कोठे साठवावी, काय पुसले जाते, मदतीसाठी कोणाकडे जावे. संस्थाचालकांची छायाचित्रे व उद्घाटनाच्या तारखा तेथे नकोत; अशा गर्दीत सूचना वाचली जात नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पडदा वाचून दाखविणारी प्रणालीही वॉलपेपरमधील अक्षरे वाचीत नाही. त्यांना ही सूचना पहिल्याच तासाला तोंडी द्यावी लागते.