परदेशांतील लग्न आणि गांवचा दाखला

मळवली स्टेशनावर सुटीच्या दिवशीं उतरणारी मंडळी बहुधा कार्ल्याचीं किंवा भाज्याचीं लेणीं पाहावयास आलेली असते; कोणी लोहगडची वाट धरतात. पण एखाद्या आडवारीं असाहि गृहस्थ तेथें उतरूं शकतो कीं, ज्याला लेण्यांशीं व गडाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. तो ग्रामपंचायतीची कचेरी कोठें आहे तें विचारतो, जन्माचें रजिस्टर दाखविण्याची विनंती करतो, तेथून शाळेंत जातो, आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारूं लागतो कीं, अमक्या घरची मुलगी हल्लीं कोठें असते, तिचें पूर्वीं कधीं लग्न झालें होतें काय? गांवकऱ्यांना वाटतें, स्थळाची चौकशी चालली आहे. तें अगदींच खोटें नाहीं. लग्न खरोखरच ठरलेलें आहे. चौकशी मात्र वराकडील मंडळींची नसून जर्मन सरकारच्या वकिलातीनें नेमलेल्या वकिलाची आहे.

पुण्याच्या आसपास जर्मन कारखाने वाढले, तेव्हांपासून मावळांतील मुलामुलींना तो देश फारसा परका राहिलेला नाहीं. कोणी शिक्षणासाठीं जातें, कोणी नोकरीसाठीं, आणि त्यांतल्या एखादीचा विवाह तेथील तरुणाशीं ठरतो. आईवडिलांचा रुकार मिळविणें हेंच काय तें अवघड काम, असें तिला वाटत असतें. तो रुकार मिळतो, आणि मग तेथील विवाहनोंदणी कचेरीकडून कागदांची यादी येते. तींत एक कागद असा असतो कीं, तो भारतांतील कोणतीहि कचेरी देऊं शकत नाहीं: ही मुलगी अविवाहित आहे, असा सरकारी नोंदवहीच्या आधारें दिलेला दाखला.

जर्मन साम्राज्यांत १ जानेवारी १८७६ पासून जन्म, विवाह आणि मृत्यु यांची नोंद सरकारी अधिकाऱ्याकडे करणें सक्तीचें झालें. नुसतें चर्चमध्यें लागलेलें लग्न तेव्हांपासून कायद्याच्या दृष्टीनें लग्न राहिलें नाहीं. त्यामुळें अमक्याचें लग्न झालें आहे किंवा नाहीं, हें तेथील अधिकाऱ्याला दफ्तर उघडून सांगतां येतें. आणि असेंच दफ्तर इतरत्रहि असणार, अशी त्याची सहज अपेक्षा असते. आपल्याकडे अंतरपाट दूर झाला, सप्तपदी झाली, कीं लग्न पुरें झालें. लेखी पुरावा म्हणजे काय ती छापलेली लग्नपत्रिका. महाराष्ट्रांत विवाहनोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें देशभर नोंदणी सक्तीची करण्यास सांगितलें आहे. तरी केवळ नोंद राहिली म्हणून लग्न रद्द होत नाहीं, आणि साऱ्या देशाचें मिळून असें एक विवाहदफ्तर कोठेंहि नाहीं. मग 'लग्न झालेलें नाहीं' याचा पुरावा आणावयाचा कोठून?

तो शपथेनें आणावा लागतो. मुलगी स्वतः प्रतिज्ञापत्र करून आपण अविवाहित असल्याचें सांगते. बहुधा आईवडिलांचेंहि तसेंच प्रतिज्ञापत्र मागतात. जर्मन कायद्याला ही अडचण ठाऊक आहे. ज्या देशाकडून विवाहक्षमतेचा दाखला मिळत नाहीं, तेथील नागरिकाला त्या दाखल्यापासून सूट देण्याचा अधिकार त्या त्या विभागाच्या वरिष्ठ न्यायालयाच्या अध्यक्षांकडे असतो. इतर कागद तपासून ते सूट देतात, आणि ती सहा महिनेच चालते.

कागदावरील सही खरी कीं खोटी, हा त्यापुढचा प्रश्न. यासाठीं १९६१ सालीं हेग येथें एक करार झाला. त्याप्रमाणें एका देशाच्या नेमलेल्या अधिकाऱ्यानें 'अपोस्टिल' नांवाचा शिक्का मारला, कीं दुसऱ्या देशानें तो कागद पुन्हां न तपासतां स्वीकारावयाचा असतो. भारतापुरता हा करार १४ जुलै २००५ पासून अमलांत आला. राज्य शासनाच्या अधिकाऱ्याची सही झाल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा हा शिक्का मिळतो, आणि करारांतल्या बहुतेक देशांत तेवढ्यानें काम भागतें. परंतु भारताच्या प्रवेशास जर्मनीनें हरकत घेतली. म्हणून जर्मन कचेरी शिक्क्यावर न थांबतां मूळ नोंदीपर्यंत मनुष्य पाठविते, आणि त्याचा खर्च वधूवरांकडून घेते. मळवलीस उतरलेल्या गृहस्थाचें रहस्य एवढेंच. या चौकशींत महिनेच्या महिने जातात. म्हणून हॉलची तारीख आधीं ठरवून कागद मागाहून जमविणाऱ्यांची पुष्कळदां फजिती होते.

चौकशी अडते ती बहुधा जन्मनोंदीपाशीं. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची आपली रीत. मुलगी मळवलीची असली तरी तिचा जन्म आईच्या माहेरगांवीं झालेला असतो, आणि जन्माची नोंद राहत्या गांवीं नव्हे तर जन्म झाला तेथेंच होते. लोणावळ्याच्या दवाखान्यांत जन्म झाला असेल तर दाखला लोणावळा नगरपरिषदेचा. मग रजिस्टर सांपडतें, पण त्यांत मुलीचें नांवच नसतें! नोंद झाली बारशाच्या आधीं, आणि नंतर नांव घालण्यास कोणी गेलेंच नाहीं. कायद्यानें नांव घालण्यास पंधरा वर्षांची मुदत असते. ती टळलेल्यांसाठीं शासनानें पुढें खास मुदतवाढीहि दिल्या. नोंद मुळींच नसली तर उशिराच्या नोंदीसाठीं दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. पूर्वीं हें काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे असे. २०२३ च्या दुरुस्तीनें तें जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, अथवा त्यासाठीं नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे गेलें आहे.

याहून विलक्षण गोष्ट १ जूनची. खेड्यापाड्यांतून शाळेंत नांव घालतांना तारीख नक्की ठाऊक नसली, कीं गुरुजी बेधडक १ जून लिहीत. शाळेच्या दाखल्यावरून पुढें पासपोर्ट निघाला, आणि ग्रामपंचायतीच्या वहींत मात्र श्रावणांतला खरा दिवस राहिला. घरांत ही थट्टेची गोष्ट असते. परक्या देशाच्या कारकुनाला त्या दोन निरनिराळ्या व्यक्ति दिसतात. वडिलांचें नांव मधलें म्हणून लावण्याची आपली पद्धतहि त्याला अशीच बुचकळ्यांत पाडते. यासाठीं पासपोर्ट, जन्मदाखला व शाळेचा दाखला एकमेकांशेजारीं ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावें, आणि जो कागद चुकला असेल तो आधीं दुरुस्त करून घ्यावा.

इतक्या खटपटीपेक्षां इकडेच कार्यालय घेऊन थाटानें लग्न लावून द्यावें, असें घरचीं माणसें म्हणतात. येथें मोठा धोका आहे. हिंदु विवाह कायदा वधूवर दोघेंहि हिंदु असतील तरच लागू होतो; हिंदु व ख्रिस्ती यांचें त्या कायद्याखालीं लागलेलें लग्न सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं निरर्थक ठरविलें. होमहवन, सप्तपदी, पांचशें पानें, सारें झालें तरी मुलगी कायद्यानें कुमारिकाच. आणि पुढें पोटगीचा किंवा वारशाचा प्रश्न निघाला म्हणजे तें कळतें. १९२८ सालीं इंदूरचे माजी नरेश तुकोजीराव होळकर यांनीं अमेरिकेच्या नॅन्सी मिलर यांच्याशीं विवाह केला, तेव्हां त्यांना आधीं हिंदु धर्माची दीक्षा देऊन शर्मिष्ठादेवी हें नांव देण्यांत आलें, आणि धनगर समाजानें त्यांना आपल्यांत घेतलें. आज धर्म बदलण्याचें कारण नाहीं. १९५४ चा विशेष विवाह कायदा त्यासाठींच आहे. मात्र दोघांपैकीं एकानें तरी नोटिशीपूर्वीं निदान ३० दिवस त्या जिल्ह्यांत राहिलेलें असावें लागतें. मग नोटीस लागते, हरकतींसाठीं आणखी ३० दिवस जातात, आणि तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. तीन आठवड्यांची रजा घेऊन आलेल्या मुलीला हें साधणारें नाहीं.

भारतीय वकिलातींत लग्न करण्याचा मार्गहि १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यानें खुला आहे. पण त्या देशाचा कायदा आड येतां कामा नये. आणि वधूवरांपैकीं एक जरी जर्मन नागरिक असला, तरी जर्मन भूमीवर त्यांचें लग्न जर्मन अधिकाऱ्यासमोरच व्हावें लागतें. अशा जोडप्यानें तेथील कचेरींत विवाह करावा, आणि मग याच कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें भारतीय वकिलातींतील विवाह अधिकाऱ्याकडे त्याची नोंद करून घ्यावी. ही नोंद झाली, म्हणजे तें लग्न भारतीय कायद्याखालींच लागलें असें धरलें जातें. या अर्जालाहि जर्मन विवाहदाखल्याबरोबर दोघांच्या वयाचा पुरावा जोडावा लागतो, आणि मुलीच्या बाबतींत तो पुरावा म्हणजे पुन्हां गांवच्या रजिस्टरांतला तोच जन्मदाखला.