रबराचे अंडे

पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या अलीकडे कुरुळी गाव लागते. तिथल्या एक बाई एके सकाळी पदराखाली वाटी झाकून दवाखान्यात आल्या. वाटीत अंडे होते, पण त्याला कवच नव्हते. नुसता पापुद्रा, बोट लावले की आत जाई आणि सोडले की पुन्हा फुगे. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, तलंगीनं रबराचं अंडं घातलंय. परवाबी असंच घातलं. घरचे म्हणत्यात, रोगट हाय, रविवारी कापून टाकू. पण पोरगी ऐकंना, तिनंच वाढवलीय ती."

रविवारला चार दिवस होते. मी त्यांना सांगितले, ही तलंग कापू नका, पंधरा दिवस थांबा. का थांबायचे ते आज इथे सांगतो, कारण मोशी, चिखली, निघोजे, महाळुंगे अशा गावांतून परसात पाच-सात कोंबड्या ठेवणारी घरे अजून पुष्कळ आहेत, आणि पहिल्याच अंड्याला घाबरून चांगली कोंबडी सुरीखाली जाते.

अंडे कोंबडीच्या पोटात कसे तयार होते ते पाहू. पिवळा बलक अंडाशयातून सुटला की एका लांब नळीत शिरतो. तिथे सुमारे ३ तास त्याच्यावर पांढऱ्या बलकाचे थर चढतात. पुढच्या तास-सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे बसतात. इथपर्यंत जे तयार होते ते म्हणजे बाईंच्या वाटीतले अंडे! खरे काम यापुढे असते. अंडे कवचाच्या पिशवीत येते आणि तिथे जवळजवळ २० तास राहते. कवच तिथेच चढते. बलक सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत सगळे मिळून २४ ते २६ तास लागतात, आणि त्यातला बहुतेक वेळ एकट्या कवचाचा असतो.

नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगेच्या या कारखान्याचे वेळापत्रक बसलेले नसते. कधी एका दिवसात दोन बलक सुटतात, कधी अंडे पिशवीत पुरते थांबतच नाही आणि पापुद्र्यासकट बाहेर पडते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी एक-दोन अंडी आली, कोंबडी मात्र हिंडते-फिरते आहे, चारा टिपते आहे, तुरा लाल आहे, तर तो रोग नव्हे. ते आपोआप सुधारते.

पण प्रकार चालूच राहिला, किंवा चांगली अंडी देणारी कोंबडी मध्येच मऊ अंडी देऊ लागली, तर मात्र तिच्या चाऱ्याचा हिशेब मांडला पाहिजे. हा हिशेब बायकांना पटकन समजतो, असा माझा अनुभव आहे.

एका अंड्याचे कवच ५ ते ६ ग्रॅम भरते. त्यात कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश, सुमारे २ ग्रॅम असतो. कोंबडीच्या साऱ्या अंगात मिळून कॅल्शियम असते २० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे प्रत्येक अंड्याबरोबर ती अंगातला दहावा हिस्सा बाहेर टाकते! खाल्लेल्यातले साधारण निम्मे अंगी लागते असे धरले, तर अंडे देणाऱ्या कोंबडीला रोज ४ ग्रॅम कॅल्शियम मिळायला हवे. आता १०० ग्रॅम ज्वारीत ते किती असते? सुमारे २५ मिलिग्रॅम. तांदळाच्या कणीत त्याहूनही कमी. नाचणीचे आपण एवढे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण १०० ग्रॅम नाचणीतही ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपासच असते. मूठमूठ दाणे टाकून कवच होत नाही ते यामुळे.

मग इतके दिवस अंडी येतात कुठून? कोंबडी आपल्या हाडांतून चुना काढते. अंड्यावर येण्याच्या सुमारास तिच्या लांब हाडांच्या पोकळीत चुन्याचा एक खास साठा तयार होतो, तो यासाठीच. तो संपला की खरीखुरी हाडे झिजू लागतात. कवच पातळ होते, मग मऊ होते, आणि तरीही दुर्लक्ष झाले तर एक दिवस कोंबडी पायांतून जाते. लोक म्हणतात वारे गेले. वारे वगैरे काही नसते, हाडे रिकामी झालेली असतात.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात कोंबड्यांची एक निराळीच चैन चालते. खाणावळीतला आणि उपाहारगृहातला उरलेला भात, चपातीचे तुकडे, पाव बादलीने घरी येतो. कुरुळीच्या बाईंचे यजमानही रोज असा डबा भरून आणत. कोंबड्या तुटून पडतात, मालकाला वाटते खाणे भरपूर झाले. पोट भरते हे खरे, पण त्या भाताने दुसरे काही टिपायला पोटात जागाच उरत नाही, आणि वरून मीठ जाते ते वेगळेच. दुकानात मिळणाऱ्या अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, ज्याला लेयर मॅश म्हणतात त्यात, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम घातलेले असते. त्यात निम्मा भात मिसळला की ते प्रमाण निम्म्यावर येते. शिळेपाके द्यायचेच असेल तर संध्याकाळी मूठभर, मुख्य खाणे झाल्यावर.

उपाय स्वस्त आहे. पशुखाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो. तो खाद्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. जिला गरज आहे ती आपण होऊन टिपते. कोंबडीला ही जाण उपजतच असते. चुरा पिठासारखा बारीक नको, ज्वारीच्या दाण्याएवढा असावा. कारण असे की कवचाचे बरेचसे काम रात्री होते, तेव्हा कोंबडी काही खात नाही. पीठ तासाभरात पुढे सरकून जाते. जाड कण मात्र पेटीत, म्हणजे तिच्या दळणाच्या पोटात, पडून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात. म्हणून वाटी दुपारनंतर तरी भरलेली हवीच. शिंपले न मिळाले तर घरातली अंड्यांची टरफले तव्यावर चांगली भाजून, चुरून द्या. अंड्याच्या आकाराची टरफले तशीच टाकली तर कोंबड्या अंडी फोडायला शिकतात. पानाचा चुना मात्र चुकूनही देऊ नका, तोंड भाजते. आणि चुना पचून अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते, ते उन्हातून मिळते. दिवसभर खुराड्यात कोंडलेल्या तलंगेला नुसते शिंपले पुरत नाहीत.

उत्साहाच्या भरात लहान पिलांनाही लेयर मॅश घालू नये. अंड्यावर न आलेल्या पिलाला इतका चुना झेपत नाही, मूत्रपिंडे बिघडतात. तुरा लाल होऊ लागला, पाठीवर हात ठेवताच तलंग दबून बसू लागली, की पंधरवड्यात अंडे येणार असे समजा आणि तेव्हा खाद्य बदला.

दुसरे कारण उन्हाळा. गिरिराज किंवा वनराज जातीची पिले डिसेंबरात आणली तर साडेपाच-सहा महिन्यांनी, म्हणजे नेमकी मे-जूनच्या तोंडावर अंड्यावर येतात. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापेबरोबर रक्तातला कर्बवायू निघून जातो, आणि कवच चुना व कर्बवायू मिळूनच बनते. शिवाय उकाड्यात ती खातेही कमी. तेव्हा पत्र्याच्या खुराड्यावर ओले पोते टाका, गार पाणी दोन ठिकाणी ठेवा, खाद्य पहाटे द्या.

तिसरे कारण भीती. रात्री कुत्रे किंवा मुंगूस खुराड्याशी आले, दिवाळीत शेजारी फटाके उडाले, तर अंडे अर्धवट असतानाच बाहेर पडते. सकाळी बसायच्या दांडीखाली मऊ अंडे पडलेले दिसले तर आधी खुराड्याची जाळी तपासा.

औषधांविषयी. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला, तेव्हापासून या भागाची औषधांशी जुनी ओळख. पण मऊ अंड्यावर स्वतःच्या मनाने गोळ्या चारू नका. सल्फा जातीच्या औषधांनी तर उलट कवच पातळ होते!

मग रोग कधी समजावा? एकाच वेळी अनेक कोंबड्यांची अंडी मऊ, सुरकुतलेली किंवा वेडीवाकडी येऊ लागली, पांढरा बलक पाण्यासारखा झाला, कोंबड्या घरघर करू लागल्या, हिरवी हगवण लागली, मान मुरगळू लागली, तर तो मानमोडी, म्हणजे राणीखेत, किंवा तसाच दुसरा साथीचा रोग असू शकतो. तेव्हा थांबू नये, लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. राणीखेतची लस पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी दिलेली असली पाहिजे. एकटीच कोंबडी शेपूट पाडून, पाय फाकून कुंथत बसली असेल तर अंडे अडकलेले असते. मऊ अंडे जास्त अडकते, कारण नळीच्या स्नायूंना ढकलायला काही टणक लागतच नाही. तीही त्याच दिवशी दाखवावी.

मऊ अंडे खावे का, असे हमखास विचारतात. कवच नसले की घाण आणि जंतू सहज आत शिरतात. पापुद्रा फाटला असेल किंवा अंडे विष्ठेत पडले असेल तर पुरून टाका. ताजे, स्वच्छ असेल तर लगेच पुरते शिजवा. विकू मात्र नका.

कुरुळीच्या बाईंनी भाताचा डबा बंद केला, शिंपल्यांची वाटी ठेवली. नवव्या दिवशी पुन्हा आल्या, या वेळी अंडे हातातच होते. एका टोकाला चुन्याची खरखर होती, पण कवच टणक होते. म्हणाल्या, "पोरगी म्हणती, हे खुडकीखाली ठेवू का?" मी म्हटले, "आत्ता नको. महिनाभर अंडी खा, मग बसवा. शिवाय कोंबडा आहे का घरी?"

कोंबडा नव्हता.