उदयपूरला निघालात? महालांआधी तलावांचं पाणी समजून घ्या

सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी झाली की गावागावात सहलीचे बेत सुरू होतात. चार-पाच घरं मिळून गाडी ठरवतात आणि राजस्थान म्हटलं की उदयपूरचं नाव हमखास निघतं. पण बरेच जण महालापुढं फोटो काढतात, नावेत एक चक्कर मारतात आणि माघारी येतात. हे शहर टिकलं कशावर, ते बघायचं राहूनच जातं. शेतकऱ्यानं तर ते आवर्जून बघावं.

महाराणा उदयसिंह यांनी १५५९ मध्ये हे शहर वसवलं. चित्तोडला सारखी वेढ्याची भीती होती आणि १५६८ मध्ये तो किल्ला अकबराच्या हाती गेलाच. उदयपूरला चहूबाजूंनी अरवलीचे डोंगर आहेत, त्यामुळं आडोसा होता. पाण्यासाठी पिछोला तलाव आधीपासून होता. चौदाव्या शतकात धान्याची ने-आण करणाऱ्या एका बंजाऱ्यानं तो बांधला, असं सांगतात. राण्यांनी पुढं बांध वाढवला आणि काठावर महाल उभे केले.

पाण्याची साखळी : इथले तलाव सुटे सुटे नाहीत. सिसारमा नदीचं पाणी पिछोल्यात येतं. पिछोला, स्वरूपसागर आणि फतेहसागर एकमेकांना जोडलेले आहेत. जादा पाणी आयड नदीतून खाली उदयसागरात जातं आणि तिथून बेडच नदीला मिळतं. म्हणजे वरच्याचा सांडवा ही खालच्याची आवक. फतेहसागरचा जुना बांध पुरात वाहून गेला होता, तो महाराणा फतेहसिंह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्यानं बांधला.

काय बघाल : सिटी पॅलेसला अर्धा दिवस ठेवा. बावीसेक पिढ्यांनी वाढवत नेलेला हा वाडा आहे. मोर चौकातले रंगीत काचांचे मोर थांबून बघा. आत जिने अरुंद आणि चढ-उतार फार, तेव्हा गुडघेदुखीच्या माणसांना घाई करू नका. जवळच १६५१ चं जगदीश मंदिर आहे. पायऱ्या उभ्या आहेत, पण वरचं दगडी कोरीव काम बघून दम गेल्याचं वाटत नाही.

पिछोल्यात दोन महाल दिसतात. पांढरा जगनिवास अठराव्या शतकातला. आता तिथं हॉटेल आहे, त्यामुळं आपण तो नावेतूनच बघायचा. दुसरा जगमंदिर. बापाविरुद्ध बंड केलेल्या शहाजादा खुर्रमला, म्हणजे पुढच्या शहाजहानला, इथंच आसरा मिळाला होता. तिथं नावेनं उतरता येतं. संध्याकाळी गणगौर घाटावरच्या बागोर की हवेलीत लोकनृत्याचा कार्यक्रम असतो.

सहेलियों की बाडी ही राजघराण्यातल्या बायकांसाठी केलेली बाग. तिथली कारंजी मुळात मोटर-पंपाशिवाय चालायची. फतेहसागरचं पाणी उंचावर, बाग खाली. उताराच्या दाबानंच पाणी उडायचं. आपल्या टाकीवरून नळाला पाणी येतं, तोच हिशेब. फतेहसागरातल्या एका बेटावर सूर्याचा अभ्यास करणारी वेधशाळा आहे. भोवती पाणी असल्यानं तिथली हवा जमिनीवरच्यासारखी तापून थरथरत नाही, सूर्य स्पष्ट दिसतो, म्हणून ती जागा निवडली.

आयड म्हणजेच आहाडला जुनी पांढर आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी तिथं तांबं गाळणारे शेतकरी राहत होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९६१-६२ मध्ये तिथं उत्खनन केलं. तिथलं संग्रहालय लहान आहे, पण चुकवू नका. सूर्यास्तासाठी सज्जनगडावर जा. वेळ असेल तर सुमारे ४० किलोमीटरवर हळदीघाटी आहे. राणा प्रताप आणि अकबराच्या फौजेची १५७६ ची लढाई तिथलीच. एकलिंगजी आणि नाथद्वारा त्याच बाजूला होतात.

कधी, कसं जायचं : ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा काळ. मे महिन्यात ऊन सोसत नाही आणि पाणीही उतरलेलं असतं. तिकडं पाऊस कसा झाला, ते विचारूनच बेत करा. दुष्काळी वर्षांत पिछोला आटल्याचं शहरानं बघितलंय. नावा चिखलात रुतल्या की नावाडी, रिक्षावाले, हॉटेलातली पोरं, सगळ्यांचीच कमाई थांबते. मुंबईहून वांद्रे टर्मिनसवरून रेल्वे आहे. रस्त्यानं अहमदाबादहून सुमारे २६० किलोमीटर पडतं. दोन मुक्काम पुरतात, हळदीघाटी धरली तर तीन.

जानेवारी २०२५ मध्ये इंदूरबरोबर उदयपूरला रामसर करारानुसार पाणथळ शहराचा दर्जा मिळाला. भारतातली ही पहिलीच दोन शहरं. तरी तलावात जाणारं सांडपाणी, काठावरची बांधकामं आणि साचणारा गाळ ही दुखणी तिथंही आहेतच, अगदी आपल्या पाझर तलावासारखी. घाटावर बसाल तेव्हा नावाड्याला दोन गोष्टी विचारा : पाणी कुठून येतं आणि गाळ शेवटचा कधी काढला? गावी आल्यावर तेच दोन प्रश्न ग्रामसभेत विचारता येतील.